स्थळ : पळसदरी

परवा सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. पाण्याच्या टाकीच्या कडेला एक काळापांढरा पक्षी शेपटी खालीवर करत तुरुतुरु चालताना दिसला आणि मी जिन्यातून खाली हाक मारली, "अहो, धोबी आला!" आमचे हे अर्धी दाढी तशीच सोडून वर धावले. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडातल्या बाई चार चादरी, दोन पडदे आणि नवऱ्याची एक पँट कवटाळून वर आल्या. टाकीपाशी आम्ही दोघं म्हातारी माणसं गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून होतो. "कुठं आहे धोबी?" बाईंनी विचारलं. "आत्ताच उडाला," हे गालावरचा फेस पुसत म्हणाले. बाई चादरी घेऊन परत गेल्या. तेव्हापासून त्या आमच्याशी जरा जपूनच बोलतात.

धोबी आला म्हणजे पावसाळा संपला, हे मला कॅलेंडरपेक्षा जास्त पटतं. आभाळ घासून पुसून ठेवल्यासारखं होतं. माथेरानचा डोंगर एकदम जवळ सरकतो, त्याच्यावरची झाडं मोजता येतील असं वाटतं. हळवं भात पिवळं पडतं आणि त्याचा एक कोरडा, गोडसर वास दुपारच्या उन्हात तरंगत राहतो. हा वास आला की माझे गुडघे दुखायचे थांबतात. खरं तर थांबत नाहीत, पण माझं तिकडे लक्ष राहत नाही. हा वास मनात बसला तेव्हा मी बावीस वर्षांची होते, पळसदरीला रेल्वेच्या क्वार्टरात, आणि मला बघायला माणसं येणार होती.

आमचे आबा खोपोलीच्या लाइनीवर फाटकवाले होते. दिवसातून मोजक्या गाड्या. तेवढ्यापुरतं फाटक लावायचं आणि उघडायचं. मधल्या वेळात आबा बोलायचे. फाटकाशी थांबलेल्या बैलगाडीवाल्याशी बोलायचे, सायकलवाल्याशी बोलायचे, डोक्यावर भारा घेतलेल्या बाईशी बोलायचे. गाडी निघून गेली तरी माणसं तिथंच उभी असायची, कारण फाटक उघडलेलं असलं तरी आबांचं वाक्य संपलेलं नसायचं.

आमच्या वाडीनं दीक्षा घेतली तेव्हा मी चार वर्षांची होते. त्या दिवशी आबांनी दोन गोष्टी मनाशी ठरवल्या, असं ते सांगायचे. पोरीला शिकवायचं, आणि पोरीला विचारल्याशिवाय तिचं लग्न ठरवायचं नाही. पहिली गोष्ट त्यांनी पुरी केली. मी डी.एड. झाले आणि कर्जतजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत बाई म्हणून लागले. आता दुसऱ्या गोष्टीची पाळी होती.

या दुसऱ्या गोष्टीवर घरात एकाच माणसाचा विश्वास नव्हता. ती म्हणजे कौसाआत्या, आबांची थोरली बहीण. साजगावच्या कारखान्याचा भोंगा आणि आत्याचा आवाज यांत वाऱ्याची दिशा बदलली की फरक कळायचा नाही. तिचा नवरा पंधरा वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत कामाला म्हणून गेला तो परत आला नाही. मेला असं कुणी सांगितलं नव्हतं आणि जिवंत आहे असंही कुणी सांगितलं नव्हतं. आत्या त्याचं नाव काढायची नाही. मात्र पुरुष या जातीबद्दल तिचं मत पक्कं होतं आणि ते ती मागितल्याशिवाय द्यायची.

दसरा झाल्यावरच्या रविवारी मोहोपाड्याहून एक स्थळ आलं. मुलगा भास्कर, रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत मदतनीस, राहायला कॉलनीत, आईवडील नाहीत, मामांनी वाढवलेला. तेव्हा ते 'हे' नव्हते, नुसते भास्कर होते. मामा पुढे आणि ते मागे, असे दोघं खोपोलीच्या गाडीतून उतरले. ते सारखे वर आभाळात बघत चालत होते. आई म्हणाली, "मान ताठ हाय पोराची."

आमची बाहेरची खोली म्हणजे एक खाट, दोन लोखंडी खुर्च्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि एक खिडकी. खिडकीबाहेर रेल्वेचं तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे गुडघाभर गवत. मला खिडकीकडे पाठ करून स्टुलावर बसवलं. उजेडात बसलं की मुलगी उजळ दिसते, असं आईला वाटे. उजेड पाठीमागून आला की मुलीचा नुसता काळा ठोकळा दिसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आबा बोलत होते. फाटकाची लांबी, फाटकाचा रंग, साहेबाची ट्रॉली न सांगता आली तेव्हा आबांनी काय केलं, साहेब काय म्हणाला, मग आबा काय म्हणाले. मामा मान हलवत पोहे खात होते. आणि भास्कर माझ्याकडे एकटक बघत होते. इतकं एकटक की मला घाम फुटला. मी पदर सावरला, नजर हलली नाही. मी खाली बघितलं, वर बघितलं, नजर तिथंच. दाराआडून आई खूश झाल्याचं मला बांगड्यांवरून कळलं. मग ते जरा पुढे वाकले. चेहरा एकदम उजळला, आणि आबांचं वाक्य ऐन भरात असताना ते मोठ्यानं म्हणाले, "गप्पीदास!"

आबा आयुष्यात पहिल्यांदा वाक्याच्या मधोमध थांबले.

"कोन?"

"हा काय, समोरच," भास्कर म्हणाले. समोर, खिडकीला लागून, आबाच बसले होते. "थांबत नाही बघा एक क्षण. शेपूट कशी उडवतोय!"

"शेपूट?" आबा म्हणाले.

मामांच्या घशात पोहे अडकले. "अवो पाखरू! पाखरू म्हनतोय त्यो! त्याला पाखरांचा नाद हाय, दुसरं कायबी येसन नाय पोराला!" पण हे वाक्य खोकल्यातून बाहेर येईपर्यंत पाखरू उडून गेलं होतं. आबांनी वळून बघितलं. तार रिकामी होती. त्यांनी तारेकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हनं, कावळा ठावं हाय, चिमनी ठावं हाय. गप्पीदास नावाचं पाखरू आमी नाय ऐकलं."

चहा झाला, पण तो कुणी गोड म्हणून प्यायलं नाही. भास्कर खाटेवर मान खाली घालून काहीतरी खरडत राहिले. पाहुणे गेले. आबा त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. फाटकावरच्या लोकांना वाटलं घरात कुणी आजारी आहे.

खाटेवरची चादर झटकताना मला हाताएवढी एक खाकी पुठ्ठ्याची वही सापडली. पाहुणे गेल्यावर आलेली आत्या दारातच होती. मी वही पदराखाली घेतली. का घेतली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आईला द्यायला हवी होती, मामांकडे पाठवता आली असती. मी ती दुसऱ्या दिवशी शाळेत नेली आणि मधल्या सुट्टीत मुलांकडे पाठ करून उघडली.

"स्थळ : चौक. तुतवार तीन. बाकी फारसं काही नाही."

"स्थळ : नेरळ. सकाळी लवकर पोचलो. नीलपंख एक. सुंदर. पुन्हा यायला हरकत नाही."

"स्थळ : खालापूर. गर्दी फार. निराशा झाली."

"स्थळ : साजगाव. धुरामुळे नीट दिसलं नाही."

मी मोजली. माझ्याआधी सात स्थळं होती! दर रविवारी एक! सात गावांत जाऊन हा माणूस सात मुलींच्या घरचे पोहे खाऊन आला होता आणि मुलीबद्दल एक अक्षर नाही. आणि नेरळला पुन्हा जायला याची हरकत नव्हती! नेरळच्या मुलीला मी आयुष्यात बघितलेलं नव्हतं, पण त्या मधल्या सुट्टीत मला ती अजिबात आवडली नाही. मग शेवटचं पान :

"स्थळ : पळसदरी. गप्पीदास, नर, एक, तारेवर. पोह्यांत खोबरं भरपूर. पुन्हा यायला हवं."

इथपर्यंत लिहून मी हा कागद यांना वाचायला दिला. हे म्हणाले, "चौकला तुतवार दोन होते." मी म्हटलं, तीन होते, मला वही पाठ आहे. हे म्हणाले, "तिसरा नंतर कळलं की दुसराच पक्षी होता." लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे मला आज सांगतात.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आले ती थेट खिडकीशी गेले. तारेवर तो होता. चिमणीएवढा, डोकं काळंभोर, मानेला पांढरा पट्टा, छाती विटेच्या रंगाची. दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा आवाज करत तो शेपटी उडवत होता. गवतात झेप घ्यायचा, किडा उचलायचा, परत त्याच जागेवर. खूप वेळ बघितल्यावर मला एकदम लाज वाटली. बाहेरून आलेला माणूस चहाच्या वेळात हे बघून गेला आणि मी बावीस वर्षं या खिडकीत केस विंचरत होते.

पुढचे पंधरा दिवस माझे असे वेडे गेले. शाळेच्या वाटेवर शेताच्या बांधावर काही हललं की मी थांबायची. विजेच्या तारांवर हिरवे वेडे राघू ओळीनं बसलेले दिसायचे, वर्गातल्या मुलांसारखे, एकमेकांना ढकलत. नावं मला वहीतून कळायची, कुठलं नाव कुणाचं ते कळायचं नाही. मी अंदाजानं लावायची. एका साध्या काळ्या कोतवाल पक्ष्याला मी चार दिवस नीलपंख समजत होते आणि नेरळला एवढं काय बघण्यासारखं होतं याचा विचार करत होते.

मग तो रविवार आला. पळसदरीचं धरण लहानसं, पण आश्विनात काठोकाठ भरलेलं असायचं. सांडव्याच्या एका अंगाला मोठे खडक होते, तिथं वाडीतल्या बाया धुणं धुवायच्या. त्या सकाळी आत्या आणि आणखी चारजणी तिथं होत्या. समोरच्या बांधावर झुडपात एक माणूस पालथा पडलेला आत्याला दिसला. त्याच्या डोळ्यांना दुर्बीण होती आणि दुर्बिणीचं तोंड खडकांकडे होतं.

पुढचं मी आत्याकडून, त्या चारजणींकडून आणि यांच्याकडून असं सात तऱ्हांनी ऐकलं आहे. आत्यानं एकच कथा दोन तऱ्हांनी सांगितली. पण एवढं नक्की, की आत्या कपडे धोपटायचं लाकूड घेऊन बांधाला वळसा घालून मागून गेली आणि त्याच्या डोक्याशी उभी राहून ओरडली, "ए! काय बगतोस रं बायांकडं?"

त्या माणसानं डोळ्यांवरची दुर्बीणही काढली नाही. नुसतं बोट ओठांवर ठेवलं. "श्श! हळू. घाबरतील."

"कोन घाबरंल? आमी? तुला?"

"जोडी आहे," तो कुजबुजला. "कालपासून आलेली दिसते. काय रंग आहे!"

खडकावर त्या वेळी दोघीजणी होत्या, आणि त्यातल्या एकीचं लुगडं नारिंगी होतं. आत्याला आणखी पुरावा नको होता.

मी दारात तांदूळ निवडत बसले होते. लाइनीच्या कडेनं मिरवणूक येताना दिसली. पुढे आत्या, गळ्यात दुर्बीण, हातात लाकूड. मागे चिखलानं भरलेला माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या लुगड्यांतल्या चारजणी. खोपोलीची गाडी यायची होती. आबांनी फाटक लावलेलं होतं, त्यामुळे सगळे आमच्याच दारात अडकले. आबांनी त्या माणसाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ह्यो तर गप्पीदासवाला!"

"तुज्या दारी पोरगी बगाया आल्ता त्यो ह्योच?" आत्या म्हणाली. "बरं झालं रं बाबा येळंवर कळलं! दुर्बीन घिऊन बाया बगतोय. जोडी हाय म्हनतो! रंग बगा म्हनतो!"

"चक्रवाक होते हो," भास्कर म्हणाले. आवाज पार गेला होता. "बदकं. नारिंगी रंगाची. तुमच्या मागच्या पाण्यात होती. ती या बाजूला फारशी येत नाहीत, म्हणून मी…"

"कुठं हायत? दाव!"

"तुम्ही ओरडलात. उडाली."

"बगा! गप्पीदासबी उडाला, बदकंबी उडाली. ह्याचं समदं उडतंच." आत्या जोरात श्वास घेऊन म्हणाली, "उद्या ह्या समद्या बाया घिऊन तुज्या कारखान्याच्या गेटावं येते. तितं सांग समद्यांना, जोडी कुनाची ती."

भास्करचा चेहरा पांढरा पडला. आत्या बोलायची ते करायची, हे बघणाऱ्याला तिच्याकडे बघूनच कळायचं. बायांकडे दुर्बिणीतून बघणारा माणूस असं एकदा कॉलनीत झालं असतं तर मग कसली नोकरी आणि कसलं घर! मामांना तोंड दाखवता आलं नसतं. त्यांनी विनवणी केली नाही. मान खाली घालून नखातला चिखल काढत उभे राहिले. पाखराला दगड लागला की ते असं गप्प होतं.

आणि माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, ती वही होती.

ती माझ्याकडे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मी तांदूळ निवडत राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. बिनलग्नाच्या बाईनं परक्या माणसाची वही पंधरा दिवस कपड्यांखाली लपवली, ही गोष्ट वाडीत, विहारात, माझ्या शाळेत कशी फिरेल हे मला बरोबर माहीत होतं. गाडीची शिट्टी लांबून ऐकू आली. मी सूप खाली ठेवलं, आत गेले आणि वही घेऊन बाहेर आले.

"आत्या, हे ऐक," मी म्हटलं आणि वर्गात धडा वाचतात तशी मोठ्यानं वाचायला लागले. चौक वाचलं, नेरळ वाचलं, खालापूर वाचलं. आवाज कापत होता, पण शाळेच्या सवयीनं विरामचिन्हांशी बरोबर थांबत होता. शेवटी पळसदरी वाचलं. तारेवरच्या गप्पीदासाशी आबांनी मला थांबवलं.

"म्हंजे, त्यो मी नव्हं?"

"नाही आबा. मी रोज बघते त्याला. खिडकीबाहेर असतो."

आबांच्या तोंडावरून पंधरा दिवसांचं आभाळ सरलं. मी पुढे वाचलं तशी दारातली आई खोबऱ्याच्या वाक्याशी लाजली. आत्या मात्र बोटं मोजत होती.

"थांब. सात गावं झाली ना? सात पोरी बगितल्यान आन् एकीचं नाव नाय, गाव नाय, रंग नाय, काय नाय?" ती भास्करकडे वळली. तिच्या आवाजात आता राग नव्हता, काळजी होती. "तुला बाया दिसतात का रं?"

"कुठल्या मुली?" भास्कर म्हणाले. "अहो, स्थळ म्हणजे ठिकाण! पक्षी जिथं दिसला ते ठिकाण! मुलगी बघायला मी आयुष्यात एकदाच गेलोय. इथं."

नेरळच्या त्या मुलीचा मला त्या क्षणी पहिल्यांदाच लोभ वाटला.

"आन् हितं आलास तर तिला सोडून खिडकीभायेर बगितलंस!" आत्या म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर आली. "आन् गं नले, ही वही तुज्याकडं कशी?"

"राहिली होती. खाटेवर."

"पंदरा दिस?"

"हो."

"वाचलीस?"

"हो."

"किती येळा?"

त्याच वेळी खोपोलीची गाडी धडधडत समोरून गेली. मी उत्तर दिलं असेल तर ते तिच्यात गेलं. आजवर कुठल्याच गाडीचे मी इतके आभार मानलेले नाहीत.

आत्या मात्र एवढ्यावर सोडणारी नव्हती. कागदावर काय, कुणीही काहीही लिहील. येत्या रविवारी, उजाडताना, ती स्वतः बांधावर येणार होती. नारिंगी बदकं तिच्या डोळ्यांनी दिसली तर ठीक, नाही तर ती कारखान्याच्या गेटावर जाणार होती. तोवर दुर्बीण तिच्याकडे राहणार होती. भास्करना ती त्यांच्या निवृत्त झालेल्या साहेबांनी दिलेली होती. आत्या ती लुगड्याच्या ओच्यात बांधताना ते असे बघत होते की मला दुसरीकडे तोंड करावं लागलं.

त्या आठवड्यात आत्यानं दुर्बीण तांदळाच्या डब्यात ठेवली असं ती म्हणायची. पण बुधवारी तिनं आईला सांगितलं की खालच्या आळीतल्या सरूनं नवऱ्याला न सांगता नवी घागर घेतली. गुरुवारी तिला कळलं की पोस्टमन आपल्या वाडीत यायच्या आधी चिंचेखाली बसून झोप काढतो. शुक्रवारी ती स्वतःच्या ओट्यावर बसून पलीकडच्या डोंगरावर कुणाच्या चुलीवर सुकट भाजतायत ते सांगत होती. "वास येतो का आत्या?" मी विचारलं. "गप गं," ती म्हणाली.

मला त्या आठवड्यात झोप नव्हती. चक्रवाक हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचलेला. तो खरा पक्षी असतो हेच मला नवीन होतं. आणि तो खरा असला तरी तो पळसदरीला परत का येईल? आत्याचा आवाज ज्यानं एकदा ऐकला तो प्राणी त्या पाण्यावर पुन्हा उतरेल असं मला वाटत नव्हतं.

रविवारी उजाडायच्या सुमाराला आम्ही बांधावर पोचलो. आबा, आत्या आणि मी. भास्कर आधीच येऊन बसले होते. मोहोपाड्याहून कसे आले कोण जाणे. पाण्यावर धुकं होतं. सोनगिरीच्या टोकावर पहिला उजेड लागला होता आणि गवतावरच्या दवानं आमची पावलं भिजली होती. कुणी बोलत नव्हतं. आबासुद्धा. एक टिबुकली पाण्यात बुडी मारायची आणि भलतीकडेच वर यायची. "ह्ये काय?" आत्या म्हणायची. "नाही," भास्कर म्हणायचे. काठावर एक वंचक बगळा मान आत ओढून उभा होता. "ह्ये?" "नाही."

सूर्य वर आला. धुकं विरलं. पाणी लख्ख रिकामं होतं. आत्यानं कमरेवर हात ठेवले. भास्करच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मी मनातल्या मनात त्या बदकांना विनंत्या करत होते, अगदी शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरानं कराव्यात तशा.

आणि मग वरून आवाज आला. सायकलचा जुना भोंगा कुणीतरी आभाळात दाबत असावं तसा. आँग, आँग. दोन मोठे पक्षी डोंगराच्या बाजूनं खाली येत होते. ऊन त्यांच्यावर पडलं तेव्हा ते जळत्या निखाऱ्यासारखे दिसले, पंखांत पांढरी झगमग. दोघांनी पाण्यावर एक लांब रेघ ओढली आणि ते खडकांच्या मागे, अगदी धुण्याच्या जागेशी, जाऊन बसले.

भास्करनी डोळे मिटले होते.

आठवडाभर सरावलेल्या आत्यानं घाईत दुर्बीण लावली ती उलटी. "मुंगीएवडी हायत," ती म्हणाली. आबांनी ती फिरवून दिली. मग आत्या खूप वेळ गप्प राहिली. तिच्या आयुष्यातली ही सगळ्यांत लांब शांतता असावी.

"कुठनं येतात म्हनलास?" तिनं हळूच विचारलं. ती कुजबुजू शकते हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"हिमालयाच्या पलीकडून."

"एवड्या लांबनं? कोन वाट दावतं?"

"कुणी नाही. त्यांची त्यांना कळते."

"आन् परत?"

"थंडी संपली की परत जातात. पुढच्या वर्षी पुन्हा येतात."

"दरसाल?"

"हो."

दुर्बिणीच्या खालून आत्याच्या गालावर ओल उतरत होती, दव असेल. आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग, फाटकावर जायची वेळ झाली असं पुटपुटत, उतारानं खाली गेले. फाटकाची वेळ झालेली नव्हती. मला त्यांच्या सगळ्या गाड्या पाठ होत्या.

उरलो आम्ही तिघं. दुर्बीण आत्याच्या डोळ्यांना चिकटलेली होती आणि ती देण्याची तिची काही चिन्हं नव्हती. भास्करनी एकदा हात पुढे केला, मग मागे घेतला. नुसत्या डोळ्यांना पाण्यावर दोन नारिंगी ठिपके दिसत होते, तेवढंच. त्यांना बघायला दुसरं काही उरलं नव्हतं. मग त्यांनी मला बघितलं.

या वेळी माझ्या पाठीमागे काहीही नव्हतं. नुसतं उघडं आभाळ आणि त्यातही एक पाखरू नव्हतं. मी वळून खात्री करून घेतली होती.

"बोला, काय बोलायचं ते बोला," आत्या दुर्बीण न काढता म्हणाली. "मी नाय बगत तुमच्याकडं."

भास्करनी घसा साफ केला. एकदा, दोनदा. मी वाट बघत होते. पुढे आयुष्यभर या माणसाच्या शेजारी गप्प बसून कशाची ना कशाची वाट बघायची आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

"तुमच्या शाळेला," ते शेवटी म्हणाले, "रविवारी सुट्टी असते ना?"

"असते," मी म्हटलं. "आणि शनिवारी सकाळची शाळा."

"मग," ते म्हणाले, "शनिवारी दुपारपासून मोकळ्या?"